नोकरीत असताना पुन्हा शिकायचं तर विद्यापीठाकडे जावं की क्लासला?

रोजमेळ

नमस्कार मंडळी. मी सिन्नरची. २००९ ला पुणे विद्यापीठातून बी.कॉम. झाले, मग माळेगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्सला लागले, ती अजून तिथेच आहे. पर्चेसची बिलं चढवणं, बँकेची जुळवणी, पार्ट्यांचे फोन आणि महिनाअखेरीला सीए साहेबांकडे डेटा पाठवणं हे माझं काम.

लागले तेव्हा व्हॅट होता, एक्साइजचं रजिस्टर वेगळं असायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मग ई-वे बिल, मग ई-इन्व्हॉइस. आमची उलाढाल पाच कोटींच्या वर, त्यामुळे ऑगस्ट २०२३ पासून आम्हालाही आयआरएन (सरकारी पोर्टलवरून बिलाला मिळणारा नंबर) निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडता येत नाही. यातलं सगळं मी शिकले ते पोर्टल उघडून बसून आणि सीए साहेबांच्या ऑफिसातल्या आर्टिकलच्या (सीए होण्यासाठी काम शिकणाऱ्या) मुलांना विचारून विचारून.

आता दोन गोष्टी एकदम आल्या आहेत. मालकांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. बिलाचा फोटो टाकला की एंट्री आपोआप तयार होते, मी फक्त बघून ओके करायचं. माझ्या हाताखालची मुलगी दिवसभर एंट्र्याच करायची, तिला डिस्पॅचला हलवलं. दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या कराची) कलमं, म्हणजे ठेकेदार म्हटलं की १९४सी, प्रोफेशनल फी म्हटलं की १९४जे, हे झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. ते नंबरच गेले.

मला आता नीट बसून शिकायचंय. कुणीतरी बटण दाखवायचं आणि मी ते दाबायचं, याचा कंटाळा आलाय. पण साडेसहाला सुटते, घरी सासूबाई आहेत, आणि रोज नाशिकला जाऊन-येऊन करणं जमणार नाही. माझ्यासारखीसाठी विद्यापीठात काही असतं का, की ते दार पदवी मिळाली की बंदच?

आणखी एक. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. कॉलेजात तिला एक तक्ता दिला: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), व्हीएससी (कौशल्याचे विषय), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), चार वर्षं, मधूनच बाहेर पडता येईल, वगैरे. तिला पुढे दर चार वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये एवढंच मला हवंय. कॉलेज निवडताना काय बघू?

टेस्टपेपर

ताई, नाशिकला माझं अकाउंटिंगचं काम आहे, आठ-दहा कारखान्यांची पुस्तकं आमच्याकडे असतात. माणसं मीच घेतो, म्हणून नेमकं सांगतो.

मुलाखतीत मी मार्कशीट बाजूला ठेवतो आणि एक कागद पुढे करतो. एका महिन्याचं पर्चेस रजिस्टर आणि त्याच महिन्याची २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवर तयार होणारी यादी. त्यात मुद्दाम गोष्टी पेरलेल्या असतात. एक बिल आपल्याकडे मार्चमध्ये चढलंय, पण पुरवठादाराने ते एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) दाखवलंय. एका ठिकाणी जीएसटी नंबरातले दोन आकडे उलटसुलट आहेत. डायरेक्टरसाठी घेतलेली कार आहे, तिचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं आहे, त्यावर रिव्हर्स चार्जने आपणच कर भरायचा. प्रश्न एकच: या महिन्याच्या ३बीत (कर भरायच्या रिटर्नमध्ये) क्रेडिट किती घेशील, आणि राहिलेल्या प्रत्येक बिलाचं काय करशील?

एम.कॉम. झालेली मुलं बेरीज करून आकडा लिहितात आणि कागद परत देतात. आमच्याकडे आज सगळ्यात पक्की असलेली मुलगी बारावीनंतर शिकलेली नाही. एका सीएच्या ऑफिसात फायली लावता लावता तयार झाली. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. चांगला दोन महिन्यांचा क्लास लावा, स्वतःच्याच कारखान्याच्या डेटावर रोज सराव करा. विद्यापीठाच्या नादात दोन वर्षं घालवू नका.

गोदाकाठ

रोजमेळ ताई, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. आमच्याकडे मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्रही आहे आणि रविवारच्या तासिका बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. म्हणजे आठवडाभर बारावी होऊन आलेली मुलं आणि रविवारी कामाधंद्यातून आलेली माणसं, दोन्ही माझ्यासमोर बसतात. जरा सविस्तर लिहितो.

टेस्टपेपर यांचा कागद मला फार आवडला. असा कागद तृतीय वर्षाच्या परीक्षेत यायला हवा. पण त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

क्लास आजचं पोर्टल शिकवतो. २०१७ ला जीएसटीआर-१, २ आणि ३ अशी तीन रिटर्न ठरली होती. त्यातली दोन आणि तीन लगेचच गुंडाळली गेली आणि ३बी हेच रोजचं झालं. त्या वर्षी पैसे भरून जीएसटीआर-२ भरायला शिकलेल्यांना त्याचा काय उपयोग झाला? २०२० मध्ये २बी आलं. जानेवारी २०२२ पासून २बीत न दिसणारं क्रेडिट घ्यायचंच नाही असं कायद्यातच आलं. ऑक्टोबर २०२४ ला आयएमएस आलं, म्हणजे समोरच्याचं बिल स्वीकारा, नाकारा किंवा थांबवून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून टाकले. दर वेळी नवा क्लास लावायचा का?

ज्याने जीएसटी कायद्यातलं क्रेडिटचं कलम १६ एकदा स्वतः वाचलंय, त्याला या प्रत्येक बदलाचं कारण कळतं. बिल हातात आहे का, माल आला का, पुरवठादाराने ते दाखवून कर भरला का, मुख्यतः एवढंच ते कलम विचारतं. प्रश्न २०१७ पासून तेच आहेत, तपासायची जागा तेवढी बदलत गेली. तुम्ही फायली लावून तयार झालेल्या ज्या मुलीचं सांगता, टेस्टपेपर, तिला नक्की कुणीतरी हे 'का' सांगितलं असणार. तिचं नशीब की तिला तसं ऑफिस मिळालं. नशिबाने न मिळालेल्यांना ते मिळावं म्हणून तर विद्यापीठं काढली.

आता, आम्ही ते काम नीट करतो का? सगळीकडे नाही. गाइडमधली दहा उत्तरं पाठ करून पास होता येतं, हे तीनही वर्षं चालतं, आणि शिकवणाऱ्यांना ते माहीत असतं. अभ्यास मंडळाकडून नवा अभ्यासक्रम येईपर्यंत कायदा दोनदा बदललेला असतो. पण शिक्षकाने वर्गात खरा कागद आणायचा ठरवला तर त्याला कुणी अडवत नाही, हेही तेवढंच खरं.

गेल्या हिवाळ्यात, नवा आयकर कायदा लागू व्हायच्या आधीच, मी तृतीय वर्षाला दोन झेरॉक्स वाटल्या. एकीवर जुनं १९४सी, दुसरीवर नव्या कायद्यातल्या कलम ३९३ च्या कोष्टकाचा तेवढाच भाग. आमची बरीच मुलं मराठी माध्यमातली, उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिणारी. कायद्याचं इंग्रजी वाक्य पाच-पाच ओळींचं. पहिल्या वाक्यात अख्खा तास गेला. कर्ता कोण, तो कुणाला पैसे देतोय, कधी कापायचा, यांच्याखाली तीन रंगांनी रेघा मारायला लावल्या आणि मग ते वाक्य प्रत्येकाने आपल्या मराठीत लिहायचं. पुढच्या तासाला एक उदाहरण घेतलं: रंगकाम करणाऱ्या एका एकट्या ठेकेदाराचं ३५ हजारांचं बिल. जुन्या कागदावरून काढा, नव्यावरून काढा. दोन्हीकडून उत्तर साडेतीनशे रुपये. एका बिलाला ३० हजारांची आणि वर्षाला एक लाखाची मर्यादा तीच, एकट्या माणसाला एक टक्का आणि कंपनीला दोन टक्के हेही तेच. बदललं ते फक्त कुठल्या कोष्टकात कितव्या ओळीत शोधायचं ते. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं, ते मुलांनी आपणहून शोधून काढलं. त्या वर्गातली मुलं आता नव्या कायद्याला घाबरणार नाहीत. जी मुलं १९४सी पाठ करून पास झाली, ती आज तुमच्यासारखीच कुणालातरी विचारत बसली आहेत.

ताई, तुम्ही विचारलंत ते दार. कायद्यात ते आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात प्रत्येक विद्यापीठाला 'आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ' आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी या खात्याचं काम विद्यार्थ्यांकडून सर्वेक्षणं, जनजागृती, पथनाट्यं करून घेण्यापुरतं राहिलंय. ती कामं वाईट नाहीत. पण कॉलेजातून बाहेर पडून दहा-पंधरा वर्षं झालेल्या माणसाला परत बोलावणं हेच 'आजीवन'चं मुख्य काम, आणि तेच मागे पडलंय. डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाची ३० क्रेडिट मिळवावी लागतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. आणि ज्या अकाउंटंटच्या एंट्रीवर त्या सीएची सही होते, तिच्यासाठी काहीच नाही. तिचं शिक्षण २००९ ला संपलं असं सगळ्यांनी धरून टाकलंय. मला याचा राग येतो.

खरं तर आता नियम अनुकूल आहेत. २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, म्हणजे शिकून मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं. एकदा मिळवलेलं क्रेडिट साधारण सात वर्षं खात्यात राहतं. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचं शिक्षण. म्हणजे कॉलेजाने शनिवारी दुपारी दोन क्रेडिटचा 'नवा आयकर कायदा आणि टीडीएस' असा वर्ग काढला, तर कारखान्यातली बाई तीन-चार महिन्यांत तो पूर्ण करेल आणि पुढेमागे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलं तर ती क्रेडिट जमेस धरता येण्याची सोय आहे. इमारत शनिवारी दुपारी रिकामीच असते. शिक्षक आहेत. माझ्या मते प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजाला हे जमेल, आणि विद्यापीठांनी यासाठी कॉलेजांच्या मागे लागलं पाहिजे.

हे कल्पनेतलं सांगत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची १९८९ ला स्थापना झाली ती याच विचाराने. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य. आमच्या केंद्रावर रविवारी पोलीस येतात, अंगणवाडी सेविका येतात, रिक्षावाले येतात. एका रविवारी ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, पुस्तकातलं नंतर घेऊ, आमचं हे जुळत नाहीये." पिशवीतून २बीची प्रिंट आणि लेजर काढलं. पार्ट्यांची नावं पेनने खोडलेली. मी फळ्यावर दोन रकाने पाडले आणि सगळ्यांनी मिळून एकेक बिल लावायला सुरुवात केली. किराणा दुकान असलेले एक काका म्हणाले, हा पुरवठादार तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरणारा असेल, म्हणून महिन्याला दिसत नसेल. बरोबर निघालं. त्या काकांना पुस्तकातली व्याख्या सांगता आली नसती. तीन तास कुणी उठलं नाही. रेग्युलरच्या वर्गात असं घडणं अवघड, कारण तिथे कुणाच्या पिशवीत खरं लेजर नसतं.

आता तुमच्यापुरतं. नुसती भिंतीवर लावायला पदवी हवी म्हणून एम.कॉम. करू नका. करायचंच ठरलं तर मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त त्या संस्थेचा तो शिक्षणक्रम त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे ना, एवढं पैसे भरण्याआधी बघा. पण मला वाटतं तुम्हाला आधी लागेल ते कॉस्टिंग, म्हणजे कुठल्या कामाला किती खर्च पडतो ते काढणं. कारण सॉफ्टवेअर एंट्री करेल, पण ही दुरुस्ती खर्चात टाकायची की मशिनच्या किमतीत धरायची, कुठल्या लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या आत दिलं पाहिजे नाहीतर त्या वर्षी तो खर्च धरता येणार नाही, कुठल्या जॉबवर (ऑर्डरच्या कामावर) मालकांचा तोटा होतोय, हे ठरवायला माणूस लागतो. तुम्ही तो कारखाना पंधराएक वर्षं आतून बघताय. तुमच्या हातात आहे ते नव्या पोराकडे नाही.

केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर कॉस्टिंगचे आणि फायनान्सचे कोर्स फुकट ऐकता येतात. एनपीटेलचा (आयआयटींच्या उपक्रमाचा) असेल तर परीक्षेला हजार रुपये फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. भाषा इंग्रजी आहे, पण व्हिडिओ थांबवून परत ऐकता येतो. रात्री साडेनऊनंतरचा पाऊण तास तुमचा स्वतःचा ठेवा आणि घरात तसं सांगून टाका.

मुलीचं वेगळं लिहितो.

टूलरूम

मी कॉमर्सचा नाही, पण दार उघडं की बंद यावर बोलू शकतो. मेकॅनिकल डिप्लोमा, सातपूरला टूलरूममध्ये आहे. हातात मिलिंग होतं, मग सीएनसी (संगणकावर चालणारं मशिन) आलं, आता तर डाय (साचा) तयार झाल्यावर सीएमएमचा (मापं तपासणाऱ्या मशिनचा) रिपोर्ट वाचता आला नाही तर शिफ्ट इन्चार्ज होताच येत नाही.

मला बी.ई. करायची होती. पहिल्यांदा एका एजंटने गाठलं, म्हणाला घरी बसून होईल, दोन हप्त्यांत पैसे द्या. माझ्या काकांनी अडवलं. नंतर वाचलं की दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१७ ला निकाल दिलाय आणि कित्येकांच्या पदव्या लटकल्या. हे वाचणाऱ्या डिप्लोमावाल्यांनी कृपया लक्षात ठेवा: इंजिनिअरिंग दूरशिक्षणाने होत नाही.

२०२३-२४ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने) नोकरी करणाऱ्यांसाठी मान्यताप्राप्त कॉलेजांतच वेगळी तुकडी काढायला परवानगी दिली. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तास. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, कंपनी कॉलेजपासून ठराविक अंतराच्या आत हवी आणि कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. मी त्यात आहे.

अडचण खरी कुठे येते तर शिफ्टला. कॉलेज म्हणतं संध्याकाळी सहा ते नऊ. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी त्या वेळी मशिनवर उभा असतो. माझा जोडीदार माझ्याशी शिफ्ट बदलतो म्हणून चाललंय. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा तो नाही म्हणाला आणि माझे तास बुडाले. त्याचं चूक काहीच नव्हतं. आमच्या एचआरला विनंती केली की शिकणाऱ्यांना सेमिस्टरपुरती फर्स्ट किंवा जनरल द्या. उत्तर आलं की एकाला दिली तर सगळे मागतील. मला वाटतं, मागू देत की! शिकणारे वाढले तर कंपनीचंच भलं आहे.

गोदाकाठ सर म्हणतात तशी शनिवारची वेळ आम्हाला चांगली, कारण आमच्याकडे सुट्टी शनिवारची असते, लाइट त्या दिवशी बंद म्हणून. पण एमआयडीसीत कुणाला कधी सुट्टी असते ते विचारून वेळ ठरवा अशी विनंती.

टेस्टपेपर

सर, तुमचं ३९३ चं उदाहरण वाचलं. अशा दोन तासिका घेतलेली मुलं असतील तर मला कळवा, मी माझा कागद काढून ठेवतो. क्लासचं मत माझं अजून तेच आहे, हातात वेग लागतो आणि तो सरावानेच येतो. पण एक कबूल, आमच्या त्या मुलीला सीए साहेबांनी दर शनिवारी समोर बसवून नोटिफिकेशन वाचायला लावलं होतं. ती स्वतः सांगते.

कॉलेजांनी आम्हालाही बोलवावं. महिन्यातून एक तास मी फुकट येईन, कागद घेऊन. मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

रोजमेळ

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ सर, तुमचं लिखाण मी दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि मालकांनाही दाखवलं. ४५ दिवसांचं त्यांना सीए साहेबांनी सांगितलं होतं, पण यादी कुणी ठेवायची हे ठरलं नव्हतं. आता मी ठेवणार आहे, सुरुवात केलीही. पुरवठादारांचे उद्यम नंबर (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) मागवतेय, म्हणजे कोण सूक्ष्म-लघु आणि कोण मध्यम ते कळेल. मालक म्हणाले कॉस्टिंगच्या परीक्षेची फी कंपनी देईल. टूलरूम दादा, तुमच्या शिफ्टचं वाचून वाईट वाटलं, जोडीदार भला आहे.

टेस्टपेपर दादा, तुमचा कागद मिळेल का? पार्ट्यांची नावं नको, नुसते आकडे चालतील. मला स्वतःला तपासून बघायचंय.

सर, मुलीचं तेवढं सांगा. प्रवेशाची मुदत जवळ आलीय. ती म्हणते तीन वर्षं करून नोकरीला लागते, चौथं वर्ष कशाला. आणि नवऱ्याला वाटतं, मधे बाहेर पडता येतं म्हणजे मुलं अर्धवट सोडतील.

गोदाकाठ

तुमच्या यजमानांची काळजी बरोबर आहे. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स, अशी मांडणी आहे. पण नुसतं वर्ष पास होऊन बाहेर पडलं की झालं, असं नाही; पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर कौशल्याचा चार क्रेडिटचा जास्तीचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. ही सोय घरात काही अडचण आली तर शिकलेलं फुकट जाऊ नये म्हणून आहे. बाजारात एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर कुणी अकाउंटंट ठेवत नाही. तेव्हा तीन वर्षं पक्की धरा. चौथ्याचं तिसऱ्या वर्षी ठरवा.

कॉलेज बघताना इमारत आणि वायफाय बघू नका. ओजेटीसाठी गेल्या वर्षी मुलं कुठे गेली ते नावानिशी विचारा. चार क्रेडिट म्हणजे १२० तासांचं काम असतं. सीएचं ऑफिस, पतसंस्था, कारखाना, बाजार समिती अशी ठिकाणं सांगितली तर उत्तम. 'मुलं आपापलं बघून सर्टिफिकेट आणतात' असं उत्तर आलं तर समजून जा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा की तिथे रोज काय केलं. ती पाच मिनिटं न थांबता सांगू शकली तर ओजेटी खरी झाली.

मायनर निवडताना मैत्रिणी काय घेतात त्यावर जाऊ नये. अकाउंटन्सी मेजर असेल तर संख्याशास्त्र किंवा संगणकाशी जवळचं काही मिळतंय का बघा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं, ते मुलं मार्कांसाठी सोपं बघून घेतात. तिला मराठीत किंवा इंग्रजीत नीट लिहायला लावणारं काही मिळालं तर तेच घेऊ द्या. तिच्यापुढे आयुष्यभर नोटिसा, पत्रं, कायदे येणार आहेत.

अजून एक, २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीची परवानगी आहे आणि त्यावरून मुलांना दोन-दोन ठिकाणी नाव घालायचा मोह होतो. पहिल्या वर्षी तरी नको. एकच नीट होऊ द्या. मधल्या सुट्टीत तुमच्याबरोबर कारखान्यात बसवा, ४५ दिवसांची यादी तिच्याकडून करून घ्या.

प्रवेशाच्या वेळी अकॅडेमिक बँकेचं खातं काढायला सांगतील, ते डिजिलॉकरमधून आधारवर निघतं. आधारवर, बारावीच्या मार्कशीटवर आणि प्रवेशअर्जावर तिचं नाव अक्षरनअक्षर एकच आहे ना ते आजच बघा. वडिलांचं नाव मधे एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं असेल तर क्रेडिट खात्यात जमा होताना अडकतात आणि मग मुलं सेमिस्टरभर कार्यालयाच्या खिडकीवर उभी असतात. आधारमधली दुरुस्ती करायला वेळ लागतो, त्यामुळे सोमवारची वाट बघू नका.